सत्तेचाळीस क्रमांकाची वाहिनी

३१ ऑगस्ट २०११ ह्या दिवशी कॅनडातील मोठ्या शहरांतून दूरचित्रवाणीचे जुने, ॲनालॉग पद्धतीचे प्रक्षेपण थांबले. शेजारच्या अमेरिकेत हा बदल दोन वर्षे आधी, १२ जून २००९ रोजी होऊन गेला होता. तिथल्या सरकारने जुना संच वापरणाऱ्यांना रूपांतरक डबा घेता यावा म्हणून प्रत्येक घराला चाळीस-चाळीस डॉलरची दोन कुपने दिली होती. कॅनडात तसे काही झाले नाही. ज्यांच्या घरी केबल किंवा उपग्रहाची थाळी होती त्यांना काही जाणवलेही नसेल. छपरावरच्या अँटेनावर ज्यांची संध्याकाळ अवलंबून होती, त्यांनी मात्र पन्नास-साठ डॉलर मोजून डबा आणला, तो जोडला, आणि त्यातील काहींच्या वाट्याला काळा पडदा आला. त्या काळ्या पडद्यावर ‘सिग्नल नाही’ एवढीच अक्षरे असत. ती अक्षरे पुष्कळदा खोटी बोलतात, हे मला ह्या लेखात सांगायचे आहे.

जुन्या पद्धतीत चित्र आपल्या प्रकृतीची वार्ता स्वतःच देत असे. लहरी दुर्बळ झाल्या की पडद्यावर मुंग्या दिसू लागत. लहर एखाद्या इमारतीवर आपटून उशिरा पोहोचली की प्रत्येक माणसाच्या शेजारी त्याची सावली उभी राही. जवळपास कोणी मिक्सर लावला तर आडव्या रेघा धावत. जाणकार मनुष्य पडदा पाहूनच दोष कुठे आहे ते सांगे. वैद्याने नाडी पाहावी तसेच ते होते. डिजिटल चित्राला नाडी नाही. उत्तर अमेरिकेच्या पद्धतीत, लहर आणि तिच्या भोवतीचा गोंगाट ह्यांत सुमारे पंधरा डेसिबलचे अंतर राहिले तर चित्र आरशासारखे स्वच्छ येते. ते अंतर किंचित जास्त आहे की भरपूर जास्त आहे, हे डोळ्यांना कळत नाही. अंतर पंधराच्या खाली घसरले की प्रथम चित्राचे चौकोनी तुकडे पडतात, आवाज अडखळतो, आणि मग काहीच उरत नाही. तंत्रज्ञ ह्याला कड्याची उपमा देतात. कड्यापासून शंभर पावलांवर उभा असलेला माणूस आणि एका पावलावर उभा असलेला माणूस, दोघेही सारखेच उभे दिसतात. वाऱ्याची झुळूक आली म्हणजेच कोण कुठे उभा होता ते समजते.

वसईच्या ज्या पिढीने मुंबई दूरदर्शन पाहिले, तिला अँटेनाविषयी वेगळे सांगायला नको. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई केंद्र सुरू झाले आणि वरळीचा तीनशे मीटर उंचीचा मनोरा आमच्या कौलांचा आणि पत्र्यांचा धनी झाला. वरळी आमच्यापासून सरळ रेषेत चाळीस किलोमीटरच्या आसपास. त्यामुळे गावातल्या प्रत्येक घरावरची ॲल्युमिनियमची काठी दक्षिणेकडे तोंड करून उभी असे. मुंबईचे प्रक्षेपण चौथ्या क्रमांकावर, म्हणजे फार लांब लहरींवर होते. लहर जवळजवळ पावणेपाच मीटरची, म्हणून अँटेनाच्या दांड्याही माणसाहून लांब असत. त्यांवर कावळे बसत आणि दांड्या वाकत. खाऱ्या वाऱ्याने सांधे पांढरे पडत, आणि पावसाळ्यात वायरीच्या पिळात पाणी शिरे. छपरावर एक जण, दारात दुसरा, आणि आत टीव्हीसमोर तिसरा अशी साखळी करून ‘आले, आले, गेले, जरा मागे घे’ असा पुकारा चाले. त्या काळात मी काही वर्षे रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात काम केले. माडांच्या बागेत कुणाचे चित्र पावसाळ्यात बिघडते आणि कुणाचे बारमाही टिकते, हे सायकलवरून फिरत मी शिकलो. पुढे पोटासाठी कॅनडात आलो आणि टोरोंटोच्या पश्चिमेला मिसिसागा शहरात स्थायिक झालो. मोठ्या कंपनीच्या गोदामात नोकरी केली. दुरुस्तीची पेटी मात्र तळघरात जपून ठेवली होती.

आमच्या रस्त्यावर चौथे घर एका पोर्तुगीज वृद्धेचे होते. अझोर्स बेटांवरच्या त्या. त्या बेटांवरून आणि पोर्तुगालच्या मुख्य भूमीवरून १९५३ पासून मजूर जहाजांनी कॅनडात आले. शेतांवर, रेल्वेमार्गांवर, मग बांधकामावर त्यांनी कामे केली. आवोंचे यजमान अशाच बांधकाम-मजुरांपैकी होते. ‘आवो’ म्हणजे आजी. रस्त्यावरची सगळी मुले त्यांना तशीच हाक मारीत, म्हणून आम्हीही. माझे आडनाव प्रथम ऐकले तेव्हा त्यांनी भुवया उंचावल्या होत्या. हिंदुस्थानातील मनुष्य आणि आडनाव त्यांच्या चुलत्याचे! वसईचा किल्ला, १५३४ ते १७३९ हा पोर्तुगीज अंमल, चिमाजीअप्पांची स्वारी, हे सारे मी माझ्या मोडक्या इंग्रजीत त्यांच्या त्याहून मोडक्या इंग्रजीला समजावले होते. त्यातले त्यांना किती कळले असेल कोण जाणे. पण तेव्हापासून नाताळला त्यांच्या घरून गोड पावाचा मोठा वाटोळा लाट आमच्याकडे येई.

यजमान वारल्यावर आवोंनी केबल बंद केली. पगार नाही, निवृत्तिवेतन तुटपुंजे, आणि मुलगा दूर आल्बर्टा प्रांतात. छपरावर यजमानांनी कधीकाळी चढवलेला लांबलचक अँटेना होताच. त्यावर त्या सत्तेचाळीस क्रमांकाची वाहिनी पाहत. ह्या वाहिनीला स्वतःचा इतिहास आहे. ३ सप्टेंबर १९७९ रोजी डॅन इयानुत्सी ह्या इटालियन वंशाच्या पत्रकार-उद्योजकाने ती सुरू केली. हवेतून विनामूल्य मिळणारी बहुभाषक वाहिनी म्हणून ती जगातली पहिली मानली जाते. पुढे तिचे नाव ओम्नी झाले. इटालियन, पोर्तुगीज, चिनी, पंजाबी अशा भाषा तिच्यावरून ऐकू येत. इंग्रजी ज्यांना बाजारापुरतीच येते, अशा हजारो म्हाताऱ्या माणसांना दिवसभरात आपली भाषा ऐकायला मिळण्याचे ते ठिकाण होते. आवोंच्या बाबतीत तर फोनवरचा मुलगा आणि सत्तेचाळीस क्रमांक, एवढीच दोन ठिकाणे उरली होती. आणि मुलगा फोनवर इंग्रजीच जास्त बोले.

२०११ च्या शरदात मुलगा येऊन डबा जोडून गेला. हिवाळाभर चित्र उत्तम आले. २०१२ च्या मे महिन्यात सत्तेचाळीस तुटू लागले आणि जूनमध्ये नाहीसे झाले.

उपाय सुचवणाऱ्यांची वाण कुठेच नसते. दुकानदार म्हणाला, बूस्टर लावा. मुलगा म्हणाला, अँटेना जुना झाला, फेकून द्या, मी केबलचे पैसे भरतो. एका शेजाऱ्याने निदान केले की समोरचे मेपलचे झाड आड येते, ते तोडावे. (झाड रस्त्याकडेचे, म्हणजे नगरपालिकेचे. त्याला परवानगीवाचून कुऱ्हाड लावली असती तर केबलचे दहा वर्षांचे पैसे दंडात गेले असते.) सगळ्यांचा रोख एकच होता, काहीतरी आणा किंवा काहीतरी काढा. नेमके काय बिघडले आहे, हा प्रश्न कोणी विचारला नाही. डिजिटल पडदा तो विचारूच देत नाही.

मी प्रथम डब्यातील लहरींचा मापक उघडला. बहुतेक संचांत आणि डब्यांत तो कुठेतरी आत लपवलेला असतो. त्याचे आकडे ज्या त्या डब्याचे स्वतःचे असतात, त्यांची आपसात तुलना करण्यात अर्थ नाही. पण एकाच डब्यावर एका वाहिनीची दुसरीशी तुलना केली तर तो पुष्कळ बोलतो. गमावलेली नाडी थोडीबहुत इथे सापडते. टोरोंटोची नऊ क्रमांकाची वाहिनी ऐंशीवर स्थिर होती. नायगारा नदीतील ग्रँड आयलंड बेटावरून येणारी अमेरिकेची एकोणतीस क्रमांकाची वाहिनी साठ-पासष्टवर होती. सत्तेचाळीसचा आकडा मात्र तिसापासून पंचेचाळिसापर्यंत नाचत होता. बाहेर वारा सुटला की अधिकच.

ह्या तीन आकड्यांत अर्धे निदान आहे. सर्वच वाहिन्या गेल्या असत्या तर दोष वायरीत, जोडणीत किंवा डब्यात शोधला असता. काही येतात आणि काही येत नाहीत, तेव्हा दोन प्रश्न विचारावे लागतात. न येणाऱ्या वाहिन्या कोणत्या दिशेच्या आहेत? आणि कोणत्या लहरींच्या आहेत? नऊ आणि सत्तेचाळीस दोन्ही एकाच मनोऱ्यावरून, सीएन टॉवरवरून येतात. १९७६ साली पूर्ण झालेला हा ५५३ मीटर उंचीचा मनोरा आमच्या घरांपासून वीस-एकवीस किलोमीटरवर, पूर्वेला किंचित उत्तरेकडे कललेला. म्हणजे दिशा एक असूनही एक वाहिनी धडधाकट आणि दुसरी मरणपंथाला. फरक लहरींचा होता. नऊ क्रमांकाची लहर दीडेक मीटर लांब, तर सत्तेचाळीस क्रमांकाची जेमतेम पंचेचाळीस सेंटिमीटर. लांब लहर पानांना फारसे जुमानत नाही. आखूड लहर ओल्या पानांत शोषली जाते, विखुरली जाते. इथे एक सावधगिरी सांगायला हवी. पडद्यावर दिसणारा वाहिनीचा क्रमांक हा तिचा खरा पत्ता असतोच असे नाही. डिजिटल पद्धतीत जुना क्रमांक नावासारखा चिकटवून ठेवतात. बफेलोची दोन क्रमांकाची वाहिनी प्रत्यक्षात वरच्या, आखूड लहरींच्या पट्ट्यात आहे. तेव्हा ‘दोन येत नाही म्हणजे लांब दांड्यांचा अँटेना हवा’ असा तर्क करणारा फसतो. सत्तेचाळीसचे नाव आणि पत्ता त्या काळी एकच होते, एवढे सोपे झाले.

मग वायर. यजमानांनी घातलेली वायर जुन्या चालीची, चपटी, दोन तारांची. तिचे प्लास्टिक उन्हाने तडकले होते. मुलाने तिला खाली एक छोटा जुळवणी-ट्रान्सफॉर्मर लावून गोल वायर जोडली होती, आणि तिथून दोन खोल्यांसाठी फाटा काढला होता. वरच्या खोलीतला टीव्ही केव्हाच गेला होता. फाटा तेवढा उरला होता. असा दुहेरी फाटा लहरींचे अर्ध्याहून थोडे अधिक बळ खातो, मग दुसऱ्या टोकाला कोणी असो वा नसो. चांगल्या गोल वायरीतही तीस मीटरच्या प्रवासात आखूड लहरींचे जेमतेम चौथाई बळ शिल्लक राहते. तडकलेल्या चपट्या वायरीत पाऊस शिरला तर हिशेबच नको. मी फाटा काढला. डबा आणि एक छोटा संच माळ्यावर नेला आणि अँटेनापासून हातभर अंतरावर आखूड वायरीने जोडला. माळ्याची चावी मागताना आवोंनी तिला ‘शाव्ह’ म्हटले. मला भाषांतराची गरज पडली नाही. सांधे गुंडाळायला चिकटपट्टी हवी होती, तर ‘फीता’ म्हणून त्यांनीच पुढे केली. अडीच-पावणेतीनशे वर्षांपूर्वी गेलेली भाषा आमच्या खिशात चावी, फीत आणि पगार ठेवून गेली होती, आणि अँटेनाखाली बसून आम्ही ती एकमेकांना परत दाखवत होतो.

माळ्यावर सत्तेचाळीसचा आकडा चढला, पन्नासापर्यंत गेला; पण नाचणे थांबले नाही. म्हणजे वायर दोषी होती, पण एकटी नव्हती.

बूस्टरविषयी इथेच बोलून घेतो, कारण दुकानदार सर्वांत आधी तेच हातात ठेवतो. बूस्टर लहर वाढवतो आणि तिच्यात मिसळलेला गोंगाटही वाढवतो. दुधात पाणी मिसळल्यावर पातेले मोठे घेतल्याने दूध दाट होत नाही. वायर लांब असेल आणि बूस्टर अगदी अँटेनाजवळ, वायरीच्या आधी लावला, तर तो पुढच्या वाटेतली तूट भरून काढतो. तेवढे त्याचे खरे काम. टीव्हीच्या पाठीशी लावलेला बूस्टर बहुधा शोभेचा असतो. शिवाय मोठ्या मनोऱ्याच्या वीस किलोमीटरच्या आत जोरदार बूस्टर लावला तर बळकट वाहिन्यांच्या माऱ्याने तो स्वतःच गुदमरतो आणि चालत असलेल्या वाहिन्याही घालवतो. आवोंच्या घरी तो लावला असता तर नऊही गेले असते, अशी माझी खात्री आहे.

उरली दिशा. नकाशा आणि होकायंत्र घेऊन मी बागेत उभा राहिलो. अँटेना सीएन टॉवरकडे पाहत नव्हताच. त्याचे तोंड आग्नेयेला, ओंटारिओ सरोवरापलीकडे बफेलोकडे होते. मनोऱ्याची दिशा आणि अँटेनाची दिशा ह्यांत साठ अंशांहून अधिक फरक. टोरोंटोच्या जुन्या घरांवर असे अनेक अँटेना दिसतात. त्या काळी अमेरिकेच्या वाहिन्या फुकट पाहण्याची हौस घरोघरी होती. सरोवराचे पाणी सपाट, आड काही नाही, आणि उन्हाळ्याच्या संध्याकाळी थंड पाण्यावर उबदार हवेचा थर साचला की लहरी त्याखालून नेहमीहून कितीतरी दूर जातात. आवोंच्या यजमानांना अमेरिकन फुटबॉलचे वेड होते. एका रविवारी सबंध दुपार छपरावर बसून त्यांनी तो अँटेना फिरवला होता, आणि खाली खिडकीत आवो उभ्या राहून आले-गेले सांगत होत्या. म्हणजे आमच्या वसईतलीच ती साखळी, फक्त भाषा निराळी.

आता सारी हकिकत जुळली. यजमानांच्या काळातही सत्तेचाळीस अँटेनाच्या बगलेतूनच घरात शिरत होते. जुन्या पद्धतीत ते मुंग्यांसह दिसे, आणि आवो मुंग्यांसह ते पाहत. तीस वर्षे तक्रार नव्हती. अँटेना आखूड लहरींना फार नेमका असतो, समोरचे घेतो, बाजूचे नाकारतो. लांब लहरींना तो तितका कडक नसतो, म्हणून नऊ क्रमांक बगलेतूनही धडधाकट येई. डिजिटल आल्यावर हिवाळ्यात मेपलच्या फांद्या उघड्या होत्या. सत्तेचाळीस कड्याच्या अलीकडे, पण अगदी एका पावलावर उभे होते आणि आरशासारखे दिसत होते. मे महिन्यात पाने फुटली आणि ते पाऊल संपले. वारा आला की पाने हलत, आकडा नाचे. झाड दोषी, वायर दोषी, फाटा दोषी, दिशा दोषी. प्रत्येकाचा वाटा थोडा थोडा. ह्यांपैकी कोणताही एक दोष हिवाळ्यात कोणाला दाखवता आला नसता.

सरळ उपाय अँटेना फिरवण्याचा होता. पकड सैल करून साठ अंश वळवला की काम झाले. मी तसे सांगितले तेव्हा आवो काही बोलल्या नाहीत. हात पुसत पुसत त्यांनी छपराकडे पाहिले, आणि मग एवढेच म्हणाल्या की तो त्यांनी बसवला आहे.

बफेलोचा फुटबॉल त्या घरात आता कोणी पाहत नव्हते. व्यवहाराने पाहिले तर त्या काठीचे तोंड कुठेही असते तरी चालले असते. पण मी इतकी वर्षे लोकांच्या छपरांवर चढलो आहे की घरातली कोणती वस्तू कशासाठी असते हे छपरावरून ठरवता येत नाही, हे मला ठाऊक आहे. तो अँटेना मी फिरवला नाही.

माझ्या तळघरात फुलपाखराच्या पंखांसारख्या चार जोड्यांचा एक छोटा अँटेना पडलेला होता. आखूड लहरींसाठीच तो असतो. भिंतीच्या ईशान्य कोपऱ्यापाशी तो काठीवर धरून आकडा पाहिला. उंच धरला तर पर्णभाराच्या मध्यावर येई आणि आकडा पडे. हातभर खाली आणला की पानांच्या खालून, खोडाच्या बाजूने वाट मोकळी होई आणि आकडा सत्तरीत जाऊन स्थिर राही. अँटेना जितका उंच तितका चांगला हा समज सर्वांचा असतो. झाडांच्या वस्तीत तो दर वेळी खरा ठरत नाही. चार जागी धरून पाहणे हाच उपाय. तिथेच तो पक्का केला आणि नवी गोल वायर घातली. बाहेरच्या जोडणीवर रबरी टोपी चढवली, आणि भिंतीत शिरण्याआधी वायरीला खालच्या बाजूला झोळ दिला, म्हणजे पावसाचे थेंब तिथेच गळून पडतात. धातूची काठी तांब्याच्या तारेने जमिनीला जोडली. वीज आणि छप्पर ह्यांच्याशी थट्टा करू नये, आणि विजेच्या तारा जवळून जात असतील तर शिडीलाही हात लावू नये. हे काम जाणत्या माणसाचे.

दोन अँटेना एकाच वायरीत सोडण्याचा मोह होतो. तो टाळावा. एकच वाहिनी दोन्हीकडून किंचित पुढेमागे पोहोचते आणि डब्याला स्वतःचाच प्रतिध्वनी ऐकू येऊ लागतो. जुन्या पडद्यावर ह्याची सावली दिसली असती. नव्या पडद्यावर चित्रच जाते. त्याऐवजी पाचसहा डॉलरचे एक बटण मिळते. दाबले तर एक अँटेना, उचलले तर दुसरा. आवोंनी त्यावर चिकटपट्टीचे दोन तुकडे लावून पोर्तुगीजमध्ये लिहिले. एका बाजूला ‘मी’, दुसऱ्या बाजूला ‘तो’.

हे सारे मिळून चाळीस डॉलरच्या आत झाले. ह्या गोष्टीचा मला अभिमान वाटतो असे नाही. वेळ होता, पेटी होती. पण ज्यांच्या शेजारी असा रिकामा दुरुस्तीवाला नसतो, त्यांचे काय होते ते मी पाहिले आहे. ते ‘सिग्नल नाही’ हे वाक्य प्रमाण मानतात आणि केबलचा अर्ज भरतात, किंवा टीव्हीवर कापड टाकतात. काही जागी तर ते वाक्य खरेच होते. ३१ जुलै २०१२ रोजी सीबीसी ह्या राष्ट्रीय प्रसारण संस्थेने लहान गावांतले आपले ॲनालॉग प्रक्षेपक, सुमारे ६२०, एका दिवसात कायमचे बंद केले. त्या गावांत कोणता अँटेना कुठे फिरवायचा? आपल्याकडेही प्रसार भारतीने २०२२ च्या मार्चअखेरपर्यंत, सामरिक महत्त्वाची काही ठिकाणे वगळून, दूरदर्शनचे जुने प्रक्षेपक बंद करत आणले. तोवर वसईच्या छपरांवर थाळ्या आल्या होत्या, त्यामुळे कोणाला हळहळ वाटली नसेल. तरी हवेतून येणारे चित्र हे पावसासारखे असते. ज्याचे छप्पर त्याच्यावर ते पडते. एकदा ते थांबले की पाणी नळाने, महिन्याच्या बिलावर येते.

आवोंकडे पुढे दोन वेळा जावे लागले. एकदा नऊ क्रमांक संध्याकाळी तुटू लागला. दिवसा ठीक, दिवे लागले की बिघाड. ह्या खुणेवरूनच चोर सापडला. मुलाने बदललेले नवे एलईडी दिवे स्वस्तातले होते आणि त्यांच्या आतली वीज-जुळणी लांब लहरींच्या पट्ट्यात गोंगाट करत होती. टीव्हीजवळचे दोन दिवे बदलले आणि नऊ परत आले.

दुसरी वेळ अधिक मोठ्या कारणाने आली. २०१७ नंतर अमेरिका आणि कॅनडा ह्या दोन्ही देशांनी दूरचित्रवाणीकडचा वरचा पट्टा, ३८ ते ५१ हे क्रमांक, काढून मोबाइल फोनच्या कंपन्यांना दिला. तिथल्या सर्व वाहिन्यांना टप्प्याटप्प्याने ३६ किंवा त्याखालच्या क्रमांकांवर यावे लागले. सत्तेचाळीसही आपला खरा पत्ता सोडून खाली आले. पडद्यावरचे नाव तेवढे ४७.१ असेच राहिले. डब्याला मात्र जुना पत्ताच ठाऊक होता, आणि तो रिकाम्या घरासमोर उभा राहून ‘सिग्नल नाही’ म्हणत होता. अशा वेळी वाहिन्यांचा शोध नव्याने घ्यायचा असतो, एवढेच. पण आवोंच्या घरी दोन अँटेना. एकावर नवा शोध घेतला की डबा दुसऱ्याच्या वाहिन्या विसरतो. म्हणून आधी ‘तो’ बाजूला संपूर्ण शोध, मग बटण ‘मी’ बाजूला करून ‘आणखी वाहिन्या जोडा’ हा दुसरा शोध, असा क्रम हवा होता. तेव्हा मी मुलीकडे दुसऱ्या शहरात होतो, त्यामुळे हे सारे फोनवरून करावे लागले. दिसेल ते अक्षर आवो वाचत, मी पुढचे सांगे. एकदा त्यांनी चुकून भाषा फ्रेंच करून टाकली, तिथून परत यायला वीस मिनिटे गेली. दुसरा शोध संपला तेव्हा त्या आकडे मोठ्याने वाचू लागल्या. पाच, नऊ, एकोणीस, चाळीस, आणि मग थांबल्या. फोनमधून टीव्हीचा आवाज येत होता. मी दोनदा हाक मारली. त्यांनी फोन बाजूला ठेवला होता, पण बंद करायला विसरल्या होत्या.